वर्गणीचं पुस्तक माझ्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. न.

तुम्ही सत्कार घेत नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. गेल्या वर्षी समारोपाला तुमच्यासाठी शाल-श्रीफळ आणलं होतं, तर तुम्ही ‘स्पीकरवाल्याचं बिल देऊन येतो’ म्हणून जे सटकलात ते कार्यक्रम आटोपल्यावर उगवलात. पत्रापासून पळता येणार नाही. शिवाय आपल्या पेठेत, आणि पेठेबाहेरही, तुमच्या वयाचे बरेच काका मंडळं चालवतायत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर बरंच आहे.

गोष्ट 2017 सालची. महापालिका सार्वजनिक गणेशोत्सवाचं 125वं वर्ष साजरं करत होती आणि पहिला गणपती 1892 चा की 1893 चा, भाऊसाहेब रंगारींचा की लोकमान्य टिळकांचा, यावरून शहरात जुंपली होती. (त्यात मी पडत नाही. मला पुण्यात राहायचंय.) जुलैच्या एक तारखेला जीएसटी लागू झाला होता आणि मांडववाल्यानं अंदाजपत्रकाखाली ‘कर वेगळा’ असं लिहून पाठवल्यामुळे आपल्या बैठकीत सगळ्यांची तोंडं उतरली होती. त्याच बैठकीत कामांची वाटणी झाली. देखावा, लायटिंग, मिरवणूक, पथकाशी बोलणी, सगळीकडे मुलांची नावं पटापट पडली. आमची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘मुली आहेतच, रांगोळी आणि अथर्वशीर्ष बघतील.’ शहराच्या महापौरपदी तेव्हा मुक्ता टिळक होत्या. पेठेच्या मंडळात मात्र आमच्या वाट्याला रांगोळीचे डबे.

तेव्हा तुम्ही बोललात. आवाज चढवला नाहीत, भाषणही केलं नाहीत. ‘यंदा वर्गणीचं पुस्तक ही सांभाळेल. बीकॉमला आहे, जमा-खर्च कळतो.’ एवढंच. पैशाचं काम आहे, पोरीला दुकानोदुकानी कशाला फिरवायची, असा सूर निघाला. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘कमी पडले तर माझ्याकडून भरून घ्या.’ पुढे कुणी काही बोललं नाही, कारण इतकी वर्षं खजिनदार असलेल्या माणसाकडून पैसे भरून घेण्याची भाषा करायची कुणी?

त्या वाक्याची किंमत मला तेव्हा पुरती कळली नव्हती. नोकरीला लागल्यावर कळली. ‘जबाबदारी घ्या’ म्हणणारे साहेब पुष्कळ भेटले. ती घेताना काही बिनसलं तर मी आहे, असं सगळ्यांदेखत म्हणणारा एखादाच.

तुमची शिकवणीही तुमच्यासारखीच, कमी शब्दांची. पुस्तकं छापून आली की आधी प्रत्येक पुस्तकातले क्रमांक मोजायचे, मगच ती वाटायची, आणि कुठलं पुस्तक कुणाकडे गेलं ते वहीत सहीनिशी लिहायचं. पावती आधी फाडायची, मग पैसे खिशात. रक्कम आकड्यात लिहिली की अक्षरातही, आणि पुढे ‘फक्त’. पावती चुकली तर फेकायची नाही. ती पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीला टाचून दोन्हींवर आडवं ‘रद्द’ लिहायचं. ‘फाटलेलं पान दिसलं की लोकांना त्यावरची रक्कम दिसायला लागते,’ असं तुम्ही म्हणायचात. आज मी एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. लेखापरीक्षणाचे तास कॉलेजात बसले, पण त्यातलं जे खरोखर अंगवळणी पडलं ते तुमच्या दुकानाच्या पायरीवर.

वर्गणी मागायलाही शिकवलंत. सकाळी बोहनीच्या आधी दुकानात पाय ठेवायचा नाही. गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबायचं. शेजारच्यानं किती दिले हे सांगायचं नाही, विचारलं तरी नाही. कुणी एकावन्न दिले आणि कुणी पाच हजार एक, तरी ‘गणपतीला या’ हे एकाच आवाजात म्हणायचं. आणि नाही म्हणणाऱ्याच्या दारात वाद घालायचा नाही. ‘वर्गणी आहे, खंडणी नाही’ हे तुमचं वाक्य आम्ही पोरापोरींनी तेव्हा चेष्टेवारी नेलं होतं. पण दोन गल्ल्या पलीकडे काय चालतं ते आम्हांला दिसत होतं, त्यामुळे चेष्टा फार दिवस टिकली नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी रात्री रोकड मोजताना दोनशे रुपये जास्त निघाले. कमी निघाले असते तर सगळे घाबरले असते. जास्त निघाले म्हणून सगळे खूश. पोरं म्हणाली, चला, वडापाव. तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा मोजायला सांगितलंत आणि म्हणालात, ‘हे कुणाचे तरी आहेत. त्याला पावती मिळालेली नाही.’ मग दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दिवशीच्या सगळ्या दुकानांत परत गेलो. पैसे निघाले त्या बोळातल्या इस्त्रीवाल्यांचे. गडबडीत त्यांनी दिले होते, आमच्यातल्या एकानं घेतले होते आणि पावती राहून गेली होती. त्यांना पावती नेऊन दिली तर ते उलट ओशाळले. ‘एवढ्यासाठी कशाला आलात,’ म्हणाले. पण त्यांनी ती पावती इस्त्रीच्या टेबलामागे, कॅलेंडरच्या खिळ्याला लावली, आणि पुढच्या वर्षी आम्ही जायच्या आधीच त्यांचा निरोप आला की यंदा पाचशे लिहून ठेवा.

पोलीस ठाण्यातली मंडळांची बैठक आठवते? उत्सवाआधी सगळ्या मंडळांना बोलावतात ती. खोलीभर पांढरे शर्ट आणि त्यात मी एकटी. तुम्ही मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलात. साहेबांनी आपल्या मंडळाचं नाव पुकारलं आणि सवयीनं तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही बसल्या जागेवरूनच म्हणालात, ‘तिला विचारा साहेब, मी नुसता सोबत आलोय.’ माझे तळहात घामेजले होते, पण कागद तयार होते. मांडवाची लांबी-रुंदी, रुग्णवाहिकेसाठी सोडलेली वाट, रात्रीच्या पहाऱ्याला कोण, स्पीकर दहाला बंद आणि सवलतीच्या दिवशी बाराला. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. परत येताना तुम्ही कौतुक वगैरे काही केलं नाहीत. ‘आवाज जरा मोठा काढ, मागे ऐकू येत नव्हतं,’ एवढंच. मला त्या वेळी रागच आला होता, हे आता सांगून टाकते.

आणि तो डीजेचा वाद. अर्ध्या मुलांना विसर्जनाला डीजे हवा होता, अर्ध्यांना ढोल-ताशा. दरवर्षी हा वाद आवाजावर सुटतो, म्हणजे ज्याचा मोठा तो जिंकतो. तुमचं वजन इतकं होतं की तुम्ही एका वाक्यात निकाल लावू शकला असता, आणि मला खात्री आहे की डीजे तुम्हांला मुळीच नको होता. तरी तुम्ही गप्प राहिलात. मला म्हणालात, ‘दोन्हींचा खर्च फळ्यावर लिही.’ मी लिहिला. डीजेच्या रकमेखाली जनरेटर, ट्रक, डिझेल, आणि त्याच रकमेत आपल्या अभ्यासिकेचं किती महिन्यांचं वीजबिल भागतं तेही. मग मुलांनीच हात वर करून ठरवलं. जे हरले ते दोन दिवस रुसले, पण मिरवणुकीत लेझीम त्यांनीच धरली. मतदानानं हरलेला माणूस परत येतो, दटावून गप्प केलेला येत नाही, हे मी तिथे पाहिलं. तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत.

आपल्याकडे ‘तरुणांनी पुढे यावं’ असे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात. त्यावर फोटो मात्र साठीच्या पुढच्यांचे. तरुणांना पुढे करायचं म्हणजे खुर्च्या मांडायला, गर्दी आवरायला आणि ट्रकपुढे नाचायला. चावी, चेकबुक आणि माइक दुसरीकडेच. मला सरसकट नावं ठेवायची नाहीत. सार्वजनिक उत्सव सुरू झाला तेव्हाही मेळ्यांतून पोरं गायली, बोलली, चार लोकांपुढे उभं राहायला शिकली. नंतरही या शहरातले कितीतरी कार्यकर्ते, नगरसेवक, नाटकवाले मांडवाच्या मागच्या बाजूनंच वर आले. पण त्यांच्यापैकी प्रत्येकाला कधीतरी कुणीतरी आपली जागा थोडी सरकून दिली असणार. जागा सरकवून देणाऱ्याचं नाव मात्र अहवालात छापत नाहीत.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला आणि आपण देखावा रद्द करून ते पैसे तिकडे पाठवायचं ठरवलं, तेव्हा देखाव्यासाठी रक्कम दिलेल्या जाहिरातदारांना फोन मीच केले. एकानंही पैसे परत मागितले नाहीत. पण आधी विचारायचंच, न विचारता वळवायचे नाहीत, हा आग्रह तुमचा.

खरं दान मात्र 2020 ला पडलं. एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या. बांबू लावून गल्ल्या बंद. मंडळाची थोडी ठेव होती, तिच्यातून शिधा द्यायचं आपण फोनवर ठरवलं, पण द्यायचा कुणाला, हे कुणालाच नीट सांगता येईना. मी मागच्या तीन वर्षांच्या स्थळप्रती काढल्या. त्यांत सगळी पेठ होती. कुठल्या वाड्यात कोण राहतं, कुठल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या आहेत, कुणाची वर्गणी मागच्या वर्षी निम्म्यावर आली होती, कुठल्या खोलीत एमपीएससी करणारी पाच पोरं दाटीवाटीनं राहतात. त्या पोरांच्या मेस बंद झाल्या होत्या आणि गावाकडे जायला गाडी नव्हती. त्यांनी कधीतरी आपापसांत काढून एकवीस रुपये दिले होते, म्हणून त्यांचा पत्ता आपल्याकडे होता. ती पावती त्या वेळी मी कंटाळत फाडली असेल. तुमचा ‘नावापुढे घर क्रमांक लिही’ हा हट्ट नसता तर त्या पोरांपर्यंत पोचायला आठवडा गेला असता.

त्या वर्षी मूर्ती चार फुटांच्या आत, मिरवणूक नाही, विसर्जन मांडवातच हौदात. तुम्ही घरातून व्हिडिओ कॉलवर आरती पाहत होतात आणि मध्येच ओरडलात, ‘दानपेटी उघडताना तिघं जण आहेत ना?’ आरती चालू असताना!

सगळंच कौतुक करायचं तर पत्र खोटं वाटेल, म्हणून एक तक्रार. क्यूआर कोडला तुम्ही अख्खं वर्ष आडवे गेलात. ‘कागद नाही तर पावती कसली’ म्हणून. त्या वर्षी आमचे किती देणगीदार सुट्ट्या पैशांपायी निसटले, देव जाणे. पण एकदा पटल्यावर तुम्हीच सगळ्यांत कडक. कोड मंडळाच्याच खात्याचा हवा, कुणा कार्यकर्त्याच्या नंबरचा नाही, आणि रोज रात्री बँकेचं विवरण आणि पावत्या समोरासमोर ठेवून टिकमार्क. बाजूच्या काही मांडवांत अजून कुणाच्या तरी स्वतःच्या नंबरवर पैसे जातात आणि मग नवरात्रापर्यंत कुजबुज चालते. आपल्याकडे नाही चालत.

अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभरानं जमाखर्च मांडवाच्या जागी फळ्यावर लागतो, खडूनं. पहिल्या वर्षी तो लिहिताना मागे माणसं उभी राहून वाचत होती. एक आजोबा हारांच्या खर्चावर बोट ठेवून ‘एवढे?’ म्हणाले. मी बिल दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि गेले. तुम्ही समोरच्या कट्ट्यावर बसला होतात आणि उठला नाहीत. उठला नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

आता मीही खजिनदार राहिलेले नाही. लग्न, नोकरी, हडपसरला घर. रोज यायला जमत नाही. यंदा पुस्तक दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाकडे दिलंय. वाणिज्यचा नाही, मेकॅनिकलचा आहे, पण नोटा एका दिशेनं लावतो. बैठकीत मी तेच म्हटलं जे तुम्ही म्हणाला होतात, की कमी पडले तर माझ्याकडून घ्या. माझ्या खात्यात तेवढे नाहीत, ते त्यांना माहीत नाही.

त्यावरून एक काम. बँकेत अजून तुमची सही चालते आणि माझीही. ती बदलून नव्या मुलाची लावायचीय. ठरावाची प्रत तयार आहे, अध्यक्षांची सही झालीय. तुम्ही आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन एकदा यायला हवं. शनिवार नको, दुसरा आहे. सोमवारी अकराला मी रजा टाकून येते. तो मुलगाही येईल. त्याला तुम्हांला काहीतरी विचारायचंय, बहुतेक दानपेटीच्या दुसऱ्या किल्लीबद्दल.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं तेल लावताय ना?

आपली,
मंडळाची माजी खजिनदार