जेवण देतोच आहोत, आता हाताला काम पण देऊया : आपल्या संस्थेकडून आवाहन

नमस्कार मंडळी,

मागच्या वेळी आपल्याकडून एक बेघर काका एका गोडाऊनमधे कामाला लागले, सामान उतरवायचं काम, आणि पहिले तीन दिवस ते पाठीवरची सॅक काढायलाच तयार नव्हते. खोकी उचलताना ती सॅक मधे यायची, सुपरवायझर दोनदा ओरडला पण, तरी नाही म्हणजे नाही. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एका ताईने त्यांना बाजूला घेऊन नीट विचारलं तेव्हा कळलं की आयडी, जुन्या नोकरीचं सर्टिफिकेट, बीपीच्या गोळ्या, मुलीचा फोटो सगळं त्या सॅकमधेच आहे, आणि रस्त्यावर झोपणाऱ्याची बॅग एकदा चोरीला गेली की सगळं पहिल्यापासून सुरू. मग गोडाऊनच्या मालकांशी बोलून एक कुलूप लागणारं कपाट मिळवलं आणि चावी काकांच्या हातात दिली. त्या दिवशी ते पहिल्यांदा बाकीच्या लोकांबरोबर जेवायला बसले, तोपर्यंत कोपऱ्यात सॅक मांडीवर घेऊन एकटेच बसायचे. एका कपाटासाठी चांगला चाललेला जॉब सुटला असता हो.

आता मुद्द्यावर येतो. आपली संस्था जेवण, कपडे, पांघरुणं वाटते हे तुम्हाला माहितीच आहे आणि तुमच्याच जिवावर वाटते. ते बंद होणार नाही, ते आधीच सांगून टाकतो कारण मागे मीटिंगमधे या लोकांना काम मिळवून देण्याचा विषय काढला तेव्हा काही जणांना वाटलं की आम्ही आता फुकट जेवण बंद करणार. तसं नाहीये. पण लाइनीत तेच तेच चेहरे दिसायला लागले की आतून खूप वाईट वाटतं, आणि त्यातल्याच एका मावशींनी जेवणाचं ताट परत देताना विचारलं होतं की पोट भरलं, आता काही काम असेल तर सांगा. आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

बऱ्याच लोकांचा समज असतो की बेघर माणसाला काम नको असतं. अहो यातले बरेच जण आत्ताही काम करतायत, भंगार गोळा करतात, हमाली करतात, मिळेल त्या दिवशी मजुरीला जातात, फक्त ते काम असं आहे की त्यातून भाडं भरून कुठे राहता येत नाही. आणि पक्की नोकरी मागायला गेलं की फॉर्मवर पहिलाच रकाना पत्त्याचा, पत्ता नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून घर नाही, झालं, तिथेच चाक फिरत राहतं. फोन नंबर दिला तरी चार्जिंग कुठे करायचं, इंटरव्ह्यूला जाताना अंघोळ कुठे करायची, कपडे कुठे वाळत घालायचे, काही निवाऱ्यांचं दार रात्री ठरलेल्या वेळेला बंद होतं आणि सेकंड शिफ्ट त्याच्यानंतर सुटते. बरं एवढं सगळं जमवून नोकरी लागलीच, तर पगार महिन्याने. तो महिना जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार? आमचा अनुभव सांगतो, लोक काम सोडतात ते बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांत सोडतात, आणि आळस म्हणून नाही, तर पगाराच्या दिवसापर्यंत पोचायलाच त्यांच्याकडे काही नसतं म्हणून.

बेघर माणसाला काम मिळवून द्यायचं हे काही आम्हाला एकट्याला सुचलेलं नाही, जगात बऱ्याच ठिकाणी करून झालंय. अमेरिकेत अल्बुकर्की शहरात 2015 साली तिथल्या महापौरांनी, रिचर्ड बेरी त्यांचं नाव, एक व्हॅन सुरू केली. ती व्हॅन रस्त्यावर भीक मागणाऱ्यांकडे जायची आणि आजच्या दिवसाचं काम हवंय का असं विचारायची, शहरातली साफसफाई, झाडंझुडपं काढणं असलं काम, दुपारचं जेवण आणि दिवस संपला की मजुरी. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की काम माणसाकडे चालत गेलं, आणि पैसे त्याच दिवशी मिळाले.

लंडनमधे 1991 ला जॉन बर्ड आणि गॉर्डन रॉडिक यांनी बिग इश्यू नावाचं मासिक काढलं, ते बेघर माणसांनीच रस्त्यावर विकायचं. विकणारा अंक छापील किमतीच्या निम्म्या भावाने स्वतःच्या पैशाने विकत घेतो आणि पूर्ण किमतीला विकतो, मधला फरक त्याचा. सुरुवातीला काही अंक फुकट मिळतात म्हणजे भांडवल उभं राहतं. इथे तो माणूस आपला लाभार्थी वगैरे नाही, तो विक्रेता आहे, त्याचा माल आहे, नफातोटा त्याचा आहे. तसंच 1949 साली फ्रान्समधे सुरू झालेल्या एमाउस नावाच्या चळवळीच्या वसाहतींमधे लोक एकत्र राहतात, घराघरातलं जुनं सामान आणून दुरुस्त करून विकतात आणि मुख्यतः त्या विक्रीवरच वसाहत चालते.

पण एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो कारण यावर आमच्यात बराच वाद झालाय. काम ही मदतीची अट होता कामा नये. इंग्लंडमधे 1834 च्या गरिबांच्या कायद्यात हेच झालं, मदत पाहिजे तर वर्कहाऊसमधे भरती व्हा, तिथे कष्टाची कामं करा, नवराबायको आणि मुलं वेगवेगळ्या भागात ठेवायचे, आणि आतली परिस्थिती मुद्दामच बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षा वाईट ठेवायची म्हणजे कोणी मागायलाच येणार नाही. ते रोजगार देणं नव्हतं, ती शिक्षा होती. आपल्याकडे जो आजारी आहे, म्हातारा आहे, ज्याचं मन अजून थाऱ्यावर नाही त्याला काम केलं नाही तरी ताट आणि अंथरूण मिळणारच. न्यूयॉर्कला 1992 मधे सॅम सेम्बेरिस यांनी आधी घर द्या, बाकी अटी घालू नका अशी पद्धत सुरू केली आणि पुढे बऱ्याच देशांनी ती उचलली, आमचं पण मत तेच आहे की डोक्यावर छप्पर असेल तर काम टिकतं. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध नाहीत.

अजून एक, ट्रेनिंगबद्दल. आधी सहा महिने ट्रेनिंग मग जॉब, हे ऐकायला छान वाटतं पण रस्त्यावरच्या माणसाला सहा महिने कुठे आहेत? मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी अमेरिकेत 1990 च्या दशकात एक पद्धत तयार झाली, त्यात आधी माणसाच्या आवडीचा खरा जॉब शोधायचा, पगाराचा, आणि मग जॉबवर असतानाच शिकवायचं आणि सोबत राहायचं. बऱ्याच अभ्यासांत ती ट्रेनिंग आधी देण्यापेक्षा सरस ठरली. म्हणून आम्ही पण ठरवलंय की क्लास नाही काढायचा, माणूस कामाला लावायचा आणि पहिले तीन महिने त्याच्या पाठीशी एक जण ठेवायचा.

तर तुमच्याकडून काय हवंय. ज्यांचं दुकान, वर्कशॉप, सोसायटी, ऑफिस, बागकाम, पॅकिंग असं काहीही आहे त्यांनी आठवड्यातला एक दिवस काम द्या, आधी एकच दिवस, पटलं तर वाढवा. मजुरी बाकीच्यांना देता तेवढीच द्यायची, बेघर आहे म्हणून कमी चालणार नाही, यावर आम्ही घासाघीस करणार नाही हे स्पष्ट सांगतो. पहिले काही आठवडे मजुरी रोजच्या रोज हातात मिळाली पाहिजे, नंतर बँक अकाउंट निघालं की महिन्यावर न्या. तुमच्या बिझनेसला रोज रोख देणं जमत नसेल तर तेवढे दिवस संस्था देईल आणि तुम्ही महिन्याने संस्थेला द्या, त्यासाठी आम्हाला एक फिरता फंड उभा करायचाय. पैशाची मदत मागतोय ती मुख्यतः ह्याच फंडासाठी. आकडा सांगत नाही, तुमच्या स्वतःच्या एका दिवसाच्या कमाईएवढे द्या, म्हणजे कोणाला तरी एका दिवसाची मजुरी त्याच दिवशी हातात मिळते, आणि मालकाकडून पैसे परत आले की तेच पुढच्याला लागतात.

ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी वेळ द्या. कागदपत्रं काढायला सोबत जाणारी माणसं फार कमी पडतात, एकेका आयडीसाठी चारचार चकरा होतात आणि खिडकीवरचा माणूस एकट्याला हाकलून देतो पण सोबत कोणी असलं की ऐकून घेतो. कामाचे बूट द्या, पण घालता येतील असे, फाटके नको, मागच्या वेळी गोळा झालेल्यातले निम्मे आम्हालाच टाकून द्यावे लागले आणि ते निवडण्यात दोन दिवस गेले. कुलूप लागणारी कपाटं तर हवीच आहेत. पत्रव्यवहारासाठी संस्थेचा पत्ता वापरू द्यायचं कमिटीने मंजूर केलंय, त्याचं रजिस्टर सांभाळायला आणि आलेली पत्रं माणसापर्यंत पोचवायला एक जण पाहिजे.

आणि फोटोबद्दल आधीच विनंती करतो, काम देणाऱ्याने देताना फोटो काढू नयेत. तो माणूस उद्या तुमच्याकडे कामगार म्हणून येणार आहे, त्याला तुमच्या स्टाफने आधी फोटोत बघितलेलं नको.

अडचणी येतील, खोटं कशाला बोलू. कोणी तिसऱ्या दिवशी येणार नाही, कोणी दारू पिऊन येईल, त्या दिवशी त्याला परत पाठवा आणि लगेच आम्हाला फोन करा, आम्ही त्याला शोधून काढतो. आम्ही पाठवलेल्या एका दादांनी दोन कामं सोडली, तिसऱ्या ठिकाणी टिकले आणि आता नवीन येणाऱ्यांना तेच सोबत घेऊन जातात.

रोज सकाळी संस्थेच्या ऑफिसमधे कोणी ना कोणी असतं, येऊन भेटा किंवा निरोप ठेवा. काम देणार असाल तर येताना एवढं ठरवून या की पहिल्या दिवशी गेटवर त्या माणसाला घ्यायला तुमच्याकडचं कोण येणार, त्याचं नाव आम्हाला लिहून द्या, कारण आमची माणसं सगळ्यात जास्त गेटवरूनच परत आलीयत.