प्रिंटर बंद आहे, उद्या या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकरोडला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, पतसंस्था, क्लासेस, दवाखाने, एकदोन कार्यालयं असं फिरणं असतं. निकाल लागून दाखल्यांची गर्दी सुरू झाली की खिडकीच्या काचेवर एक कागद हमखास दिसतो, प्रिंटर बंद आहे उद्या या. तो पण हातानेच लिहिलेला, छापणार कशावर! बाहेर दिंडोरी नाहीतर सिन्नरहून एसटीने आलेला माणूस, त्याचा रोज बुडाला, आणि आत जाऊन बघावं तर प्रिंटर ठणठणीत, टोनर भरलेला, हिरवा दिवा लागलेला. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावात एक उत्पन्नाचा दाखला छापता येईना म्हणजे कमाल आहे.

होतं काय की रात्री लाइट जाते, सकाळी राउटर चालू झाला की प्रिंटरला कधीकधी नेटवर्कवरचा दुसराच पत्ता, म्हणजे दुसराच आयपी अ‍ॅड्रेस देतो आणि कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर फाइली पाठवत बसतो. मग टेबलावरचा माणूस वैतागून परत परत प्रिंट दाबतो, सगळं रांगेत साचतं, आणि दोन दिवसांनी इंजिनीअर येऊन जोडून गेला की एकाच दाखल्याच्या पाच-पाच कॉप्या धडाधड बाहेर पडतात. इंजिनीअरने काय केलं? नवीन पत्ता टाकला, व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच. हे मी माझ्याच धंद्याबद्दल लिहितोय, भाऊबंद रागावतील, रागवू देत.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रिंटर जोडणं हे व्हिजिटचं काम नाही, ते एका फाइलीत कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम, म्हणजे कमांड, ओळीने लिहून ठेवायचं काम आहे, अशा फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात, ती चालवली की प्रिंटर आपोआप जोडला जातो. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टिमवर छपाईचं सगळं कप्स नावाचं सॉफ्टवेअर बघतं, १९९९ पासून आहे, अ‍ॅपलच्या मॅकमध्ये पण २००२ पासून तेच. त्यात एलपीअ‍ॅडमिन म्हणून कमांड आहे, तिला प्रिंटरचं नाव सांगायचं, पत्ता सांगायचा आणि मॉडेलच्या जागी एव्हरीव्हेअर लिहायचं, बास. अलीकडचे बहुतेक नेटवर्क प्रिंटर हे समजतात, ड्रायव्हरची सीडी शोधत बसायला नको, प्रिंटर स्वतःच सांगतो की मला रंगीत येतं का, दोन्ही बाजूंनी छापता येतं का. फक्त हे विचारायला तो चालू असावा लागतो ना, म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी पिंग करून, म्हणजे त्याच्या पत्त्यावर हाक मारून, तो जागा आहे का ते बघायचं, नसेल तर सरळ मराठीत मेसेज द्यायचा की आधी प्रिंटर चालू करा. एक गंमत अशी की या कमांडमध्ये कॅपिटल ई (-E) प्रिंटरच्या नावाच्या आधी टाकला तर त्याचा अर्थ एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती गुप्त करून पाठव, आणि नंतर टाकला तर प्रिंटर चालू करून काम घ्यायला लाव. जागा हुकली की प्रिंटर यादीत छान दिसतो पण छापत काहीच नाही, आणि माणूस केबल तपासत बसतो.

कागदाचं तर विचारूच नका. बऱ्याच ठिकाणी सेटिंगमध्ये अमेरिकेतला लेटर साइज तसाच राहिलेला असतो, तो २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. ट्रेमध्ये ए४ची गड्डी भरलेली, तरी प्रिंटर कागद टाका म्हणून अडून बसतो आणि लोकांना वाटतं बिघडला. स्क्रिप्टमध्ये मीडिया ए४ एवढं एकदा लिहिलं की विषय संपला. तसंच एरर आल्यावर रांग बंद पाडू नको, थोड्या वेळाने परत ट्राय कर, हे पण त्यातच सांगता येतं.

विंडोज असेल तरी अडत नाही, त्यातल्या पॉवरशेल या कमांड चालवायच्या प्रोग्रॅममध्ये अ‍ॅड-प्रिंटरपोर्ट आणि अ‍ॅड-प्रिंटर या कमांड आहेतच, फक्त तिथे ड्रायव्हर आधी टाकलेला लागतो. पण लिनक्स असो की विंडोज, राउटरमध्ये प्रिंटरच्या हार्डवेअरच्या नंबरला म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला एक आयपी कायमचा बांधून घ्या, ते केलं नाही तर स्क्रिप्टही जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसेल.

तेव्हा आपल्या पेपरमधून शाळा, पतसंस्था आणि कार्यालयांना एक सुचवावंसं वाटतं. प्रिंटर घेताना किंवा मेंटेनन्सचा करार करताना जोडणीची स्क्रिप्ट आणि प्रिंटरचा पत्ता लिहून मागा, मिळाल्याशिवाय बिल पास करू नका. स्क्रिप्टची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि पत्ता प्रिंटरच्याच अंगावर चिकटवलेला असू द्या. आयटीआयची पोरं हे एका दुपारी शिकतील, सातपूरला आयटीआय आहेच, त्यांना शिकाऊ म्हणून बोलवा. मात्र ही स्क्रिप्ट अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालते, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली फाइल डोळे झाकून चालवू नका आणि पासवर्ड तर त्यात अजिबात लिहू नका.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड