कापूस एकाच कपाटात नसतो

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

डब्यात खाली भुरका आहे, त्यावर तिळाची चटणी आणि सगळ्यांत वर हे पत्र. तेल लागू नये म्हणून पिशवीत गुंडाळलं आहे. फोनवर तू घाईत असतोस आणि दिवसभराच्या कामानंतर मलाही नीट बोलणं सुचत नाही, म्हणून आज लिहायला बसले. शुक्रवारी आबांनी पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, सीतादहीची पूजा केली, कापसाचा पहिला वेचा सुरू झाला. तुझी आठवण आली.

परवा तू म्हणालास, “आई, प्रोजेक्टची काळजी काहून करते? एका रात्रीत होते, सगळं मोबाईलवर आहे.” आणि पाच पानं पाठवलीस. मी ती दोनदा वाचली. शकुंतला गाडी, आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, म्हणजे आपल्या घरचाच विषय, नाव पाहूनच मन भरून आलं. पण वाचल्यावर वाईट वाटलं. पहिल्या पानावर गाडी सुरू झाल्याचं एक साल आहे, तिसऱ्या पानावर दुसरंच. कुठून घेतलं ते एकाही ठिकाणी नाही. विचारलं तर म्हणालास, “गूगलवर तसंच आहे.” अरे, जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गंजी लागलेली असते, तिच्यातला कोणता कापूस कोणाच्या वावरातला हे कोणी सांगू शकतं का? तुझी पाच पानं मला तशी वाटली. माल खूप, पण कोणाचा ते माहीत नाही.

तुझे बाबा गेले तेव्हा तू बालवाडीत होतास. अनुकंपेवर मला त्यांच्याच कॉलेजात ग्रंथालय परिचर म्हणून घेतलं. माझं शिक्षण बारावी. पहिल्या दिवशी मला वाटलं, पुस्तकं पुसायची आणि कपाटात ठेवायची, एवढंच काम. आठच दिवसांत कळलं की एक पुस्तक चुकीच्या जागी ठेवलं तर ते हरवल्यातच जमा. त्या कपाटांमध्ये मला सोळा वर्षं झाली. त्यातून जे कळलं ते तुला सांगते. माझ्याकडे तुला द्यायला यापेक्षा मोठं काही नाही.

पुस्तकाच्या पाठीवर खाली जी चिठ्ठी असते ना, तिच्यावरचे आकडे कोणी उगाच टाकलेले नसतात. मेल्विल ड्यूई नावाच्या माणसानं १८७६ साली ही पद्धत काढली. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असं करत जायचं. मी ते आकडे आधी पाठ केले, अर्थ नंतर कळला. एकदा इतिहासाच्या सरांनी कापसावरची पुस्तकं काढून ठेवायला सांगितली. मी शेतीच्या कपाटातून ६३३.५१ ची चार पुस्तकं काढली आणि टेबलावर ठेवली. सर म्हणाले, “ताई, कापूस एकाच कपाटात नसतो.” मग त्यांनी मला फिरवलं. लागवड ६३३.५१ ला, कापसाचा भाव आणि बाजार ३३८ ला, कापड-सूत ६७७ ला, तो वाहून नेणारी रेल्वे ३८५ ला, आणि ज्या वऱ्हाडात हे सगळं घडलं त्याचा इतिहास ९५४ ला. पाच खोल्यांत विखुरलेलं एकच घर. तुझ्या विषयाला या सगळ्या कपाटांपाशी जावं लागेल. संगणकावर ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत, ‘शकुंतला रेल्वे’ टाकशील आणि शून्य निकाल आला की ‘लायब्ररीत काही नाही’ म्हणून परत फिरशील, त्याची मला भीती आहे. तिथं भरपूर असेल, फक्त त्या नावानं नसेल. एक पुस्तक सापडलं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची चार-चार पुस्तकंही उघडून पाहा. शेवटची शब्दसूची काढायची आणि ‘दारव्हा’, ‘कारंजा’, ‘मूर्तिजापूर’ ही नावं बोटानं शोधायची. मी ज्या पोरांना असं करायला लावलं त्यांना काही ना काही मिळालंच.

नावांचं मात्र जपून. जुन्या पुस्तकांत आपली गावं दुसऱ्याच नावानं राहतात. वऱ्हाडचं पहिलं मोठं गॅझेटिअर, म्हणजे त्या भागाची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, लायल साहेबानं १८७० साली काढलं. त्यात ‘यवतमाळ जिल्हा’ शोधशील तर मिळणार नाही, कारण तेव्हा आपला जिल्हा ‘वूण’ म्हणजे वणीच्या नावानं होता. यवतमाळ हे नाव १९०५ ला आलं, आणि इंग्रज ते ‘येओटमल’ असं लिहीत. साऱ्या वऱ्हाडालाच सरकारी कागदात ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणत, कारण १८५३ च्या तहानं निजामानं तो इंग्रजांच्या हवाली केला होता. आणि आपल्या भागातल्या कापसाला मुंबईच्या बाजारात ‘ऊम्रा’ म्हणत, अमरावतीवरून. हे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. शोधताना एक शब्द चालला नाही की दुसरा टाकायचा.

आता मला सांग, तुझा प्रश्न काय आहे? ‘शकुंतला रेल्वेचा इतिहास’ हा प्रश्न झाला नाही, हे नुसतं नाव झालं. गाडी छोट्या रुळाची, यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जायची, सुमारे ११३ किलोमीटर. कंपनी किलिक-निक्सनची. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. एवढं दहा ओळींत संपतं. पण गाडी आली तेव्हा दारव्ह्याच्या बाजाराचं काय झालं? आधी कापूस बैलबंड्यांनी कुठं जायचा? जिनं कुठं उभी राहिली, स्टेशनजवळ की गावात? कामगार कुठून आले? यातला एकच धर. मग तुला कळेल की १९०८ चं यवतमाळचं गॅझेटिअर काढायचं आणि त्याच्या शेजारी १९७४ चं सरकारी गॅझेटिअर ठेवायचं. दोन्हीत शेती, व्यापार, दळणवळण अशी प्रकरणं आहेत. एकाच गावाची माहिती दोन्हीकडे वाच आणि काय बदललं ते लिही. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे खंड बघ, दारव्ह्याची लोकसंख्या किती होती, किती झाली. हे तू स्वतः लावलेलं गणित असेल, ते मोबाईलवर तयार मिळत नाही.

ही पुस्तकं संदर्भ विभागात असतात, घरी देत नाहीत. बी.टी. कार्डावर, ज्यावर पुस्तकं घरी नेता येतात, त्यावर मिळाली नाहीत म्हणून रागावू नकोस, तिथंच बसून वाच. सकाळी जा, दुपारी साडेचारला नको. आमच्याकडे दरवर्षी प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात पोरांची रांग लागते, एकच पुस्तक आणि तीस हात. दिवाळीच्या आधी आलेला एखादा पोरगा मात्र निवांत बसून चार खंड चाळून जातो.

आणि विचारायला लाजू नकोस. पोरं ग्रंथपाल मॅडमला घाबरतात आणि मला विचारतात. मी सांगते तेवढं, पण मॅडमला जे माहीत आहे ते मला नाही. त्यांच्यासमोर जाऊन ‘रेल्वेवर पुस्तक आहे का’ असं विचारू नकोस. म्हण, “मॅडम, मला १९०० ते १९२० मध्ये दारव्ह्याच्या कापूस बाजारात काय बदललं ते शोधायचं आहे, कुठून सुरू करू?” अशा प्रश्नावर आमच्या मॅडम खुर्चीवरून उठून स्वतः कपाटापर्यंत जातात. मी कितीदा पाहिलं आहे. तुमच्या ग्रंथालयात एन-लिस्टची सोय आहे का तेही विचार. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ती योजना आहे, कॉलेजनं नाव नोंदवलं असेल तर तुला आयडी आणि पासवर्ड मिळतो. मग हॉस्टेलच्या खोलीतूनही हजारो नियतकालिकं उघडतात. शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. वऱ्हाडच्या कापसावरचा किंवा रेल्वेवरचा एखादा प्रबंध सापडला तर आधी त्याची शेवटची पानं उघड, जिथं संदर्भांची यादी असते. त्या माणसानं चार-पाच वर्षं घालून जी पुस्तकं शोधली त्यांची नावं तुला पाच मिनिटांत मिळतात. पण ती पुस्तकं स्वतः उघडून पाहिल्याशिवाय आपल्या यादीत टाकू नकोस.

हे मी काहून सांगते ते ऐक. मागच्या वर्षी एक मुलगी सात पुस्तकांची यादी घेऊन आली. नावं छान, लेखक, साल, प्रकाशक, सगळं लिहिलेलं. मी सगळी कपाटं पाहिली, दाखल नोंदवही पाहिली. मॅडमनी दुसऱ्या ग्रंथालयांच्या याद्यांत शोधलं. सातांपैकी पाच पुस्तकं या जगात छापलीच गेली नव्हती. मोबाईलमधल्या एआयनं रचून दिली होती. त्या मुलीचा चेहरा पडला, तिला खरंच वाटत होतं की ती पुस्तकं आहेत. त्या दिवशी मला तुझी आठवण आली होती, आणि तुझी पाच पानं वाचताना ती मुलगी आठवली.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला कधी सांगितली नाही. २०१४ साली आमच्याकडे ग्रंथपडताळणी झाली. जुनी, वाळवी लागलेली पुस्तकं बाद करायची होती. गठ्ठे बांधायचं काम माझ्याकडे होतं. एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं नाहीत. मी ते उचललं, काय आहे ते पाहिलंही नाही, फाटकं आहे म्हणून बादच्या ढिगावर ठेवलं. त्या ढिगाच्या यादीवर सह्या झाल्या, रद्दीवाला घेऊन गेला. दोन वर्षांनी एक म्हातारे गृहस्थ पुसदहून बसनं आले. त्यांच्याकडे एक चिठ्ठी होती, तीस वर्षांपूर्वी आमच्याच ग्रंथालयात बसून लिहिलेली. तिच्यावर पुस्तकाचं नाव, पान, दाखल क्रमांक, सगळं होतं. यवतमाळचं १९०८ चं गॅझेटिअर. त्यांना एकच आकडा पुन्हा तपासायचा होता. मी नोंदवही उघडली. त्या क्रमांकापुढे लाल शाईत ‘बाद’ लिहिलेलं होतं. ते काही बोलले नाहीत, पाणी प्याले आणि गेले. मी त्या रात्री जेवले नाही. नंतर कळलं की त्या पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत इंटरनेट आर्काईव्हवर आहे, मॅडमनी ती उतरवून घेतली आणि त्या गृहस्थांना ते पान पाठवलं. पण मला अजून आठवतं ते त्यांच्या हातातलं चिठोरं. तीस वर्षांनीही त्या माणसाला माहीत होतं की आपला आकडा कुठून आला.

म्हणून तुझ्याकडून मला एवढंच हवं आहे. मोबाईलनं पानाचा फोटो काढशील तेव्हा आधी पुस्तकाच्या शीर्षकपानाचा काढ, मग पाठीवरच्या चिठ्ठीचा, मग हव्या त्या पानाचा, पानाचा क्रमांक दिसेल असा. नाहीतर गॅलरीत शंभर फोटो होतात आणि कोणतं पान कोणत्या पुस्तकाचं ते तुलाच आठवत नाही. वहीत उतरवून घेताना जे शब्द पुस्तकाचे आहेत त्यांना अवतरणचिन्हं कर, आणि जे तुझं आहे ते साधं लिही. महिन्याभरानं दोन्ही सारखेच दिसतात आणि दुसऱ्याचं वाक्य आपलंच वाटायला लागतं. तू चोरी करणार नाहीस हे मला माहीत आहे. पण घाईत, न कळता, होते.

दोन पुस्तकांत दोन सालं मिळाली तर एक खोडू नकोस. दोन्ही लिही आणि खाली लिही की कोणत्या पुस्तकात काय आहे. मग कोणतं खरं वाटतं आणि का, ते तुझ्या शब्दांत. वेचताना आपण कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळ्या पिशवीत टाकतो, तसं. सर त्यावर जास्त मार्क देतील की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मला ते पान वाचायला आवडेल.

आबांना मी तुझ्या प्रोजेक्टचं सांगितलं. काल रात्री खाटेवर बसून तासभर शकुंतलेचंच बोलत होते. दारव्हा मोतीबाग स्टेशनवर लहानपणी कापसाच्या गाठी चढताना पाहिल्या, धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढायचे, मूर्तिजापूरला एकदा रात्रभर राहावं लागलं, असं बरंच. मध्येच म्हणाले, “मले विचारलं तर सांगतो ना, पण लिहून घेणारा पाहिजे.” हाही संदर्भच आहे बाळा. फक्त कोणाशी बोललास, कुठं, कोणत्या तारखेला, ते वर लिही, आणि त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत ठेव, वऱ्हाडीच राहू दे. आबांच्या आठवणीत सालं मागे-पुढे होतील, ती गॅझेटिअरशी ताडून पाहा.

पत्रासोबत एक चिठ्ठी जोडली आहे. तिच्यावर मी तुझ्यासाठी आकडे लिहिले आहेत: ६३३.५१, ३३८, ६७७, ३८५, ९५४. खाली जुनी नावं, वूण, येओटमल, ऊम्रा. ती बी.टी. कार्डाच्या पाकिटात ठेव. उद्या सोमवारी ग्रंथालय उघडतं, सकाळी जा. पुढच्या शनिवारी येशील तेव्हा वही आण, आबा तयार आहेत. डबा धुऊन आण, झाकणाची रबर मागच्या वेळी तिकडेच राहिली होती.

तुझी,
आई