ताळेबंदाला जोडून एक पान हवे: सहकार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पतसंस्था व नागरी सहकारी बँकांच्या कार्बन उत्सर्जनाचे पत्रक वार्षिक लेखापरीक्षणाला जोडण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर 5 जूनला, पर्यावरण दिनी, राज्यातल्या पतसंस्था आणि नागरी बँका झाडे लावतात. दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाचा फोटो पेपरात येतो आणि वार्षिक अहवालात ‘पर्यावरणपूरक उपक्रम’ म्हणून चार ओळी पडतात. अलीकडे त्यात ‘पेपरलेस’ची भर पडली आहे. झाडांना आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण संस्थेच्या कारभारातून वर्षाला किती कार्बन हवेत जातो, हा आकडा त्या अहवालात कुठेच सापडत नाही. तो काढायला सल्लागार कंपनी लागत नाही. शाखेच्या कपाटातल्या बिलांवरून अनुभवी लिपिक तो एक-दोन दिवसांत काढील.

विजेपासून सुरुवात करू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शाखेला वर्षाला 20,000 युनिट लागत असतील तर हे झाले सुमारे 14.4 टन. यातली किती वीज कामाला लागते आणि किती फुकट जाते, हे शोधायची युक्ती सोपी आहे: संध्याकाळी शटर ओढताना मीटरचे रीडिंग लिहायचे, सकाळी शटर उघडताना पुन्हा लिहायचे. सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, अलार्म, राउटर, सर्व्हर एवढे रात्री चालू राहणारच. त्यांच्या जोडीला गरजेपेक्षा मोठा जुना यूपीएस, रात्रभर पेटलेली पाटी आणि संगणकांचे बंद न केलेले मॉनिटर निघतात. सतत 600 वॉट ओढले जात असतील तर वर्षाला 5,256 युनिट होतात, म्हणजे पावणेचार टनांहून अधिक. एटीएमच्या खोलीतला एसी वेगळाच. तो बऱ्याचदा 18 अंशांवर ठेवलेला असतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि 24 अंशांवर यंत्राचे काही बिघडत नाही.

आता ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही ते, एसीतला गॅस. बऱ्याच शाखांत अजून आर-410ए गॅसचे एसी आहेत. हा गॅस एक किलो गळला तर 2,088 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. सुमारे 2,900 युनिट वीज जाळल्यासारखेच ते. गळती बहुधा इनडोअर युनिटच्या मागे, तांब्याच्या नळीच्या जोडावरच्या फ्लेअर नटापाशी असते. नट नीट आवळलेला नसतो किंवा नळीचे तोंड फुलवताना बारीक चीर गेलेली असते. साबणाच्या फेसाने तपासले की बुडबुडे दिसतात. खात्री करायची तर नायट्रोजनचा दाब देऊन पाहावे. प्रत्यक्षात होते असे की वार्षिक देखभाल कराराखाली मेकॅनिक मार्चमध्ये येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, भरतो आणि जातो. पुढच्या मार्चला पुन्हा तेच. गळती तशीच, आणि बिलावर फक्त ‘गॅस चार्जिंग’ असे दोन शब्द. कोणता गॅस, किती ग्रॅम, काही नाही. गळती न बुजवता थोडासा वरून भरणेही चूकच. उरलेला सिलिंडरमध्ये काढून, व्हॅक्यूम करून वजनावर नव्याने भरावा लागतो. जुना एसी मोडीत काढताना तर नळी कापून सगळा गॅस सरळ हवेत सोडतात. नवा एसी घ्यायचाच असेल तर आर-32चा घ्यावा. त्याचा एक किलो म्हणजे 675 किलो कार्बन डायऑक्साइड, आर-410एच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तो किंचित ज्वलनशील असल्याने मेकॅनिक मात्र जाणकार हवा.

तुलनेसाठी कागद घेऊ. 80 पानी अहवाल, ए-4 आकार, 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागद: एक प्रत सुमारे 175 ग्रॅमची. दहा हजार सभासदांना वाटला तर पावणेदोन टन कागद, आणि ढोबळ हिशेबाने जवळपास तेवढाच कार्बन. म्हणजे एका एसीतून किलोभर गॅस गेला की ‘पेपरलेस’ सभेची सगळी कमाई गेली.

लोडशेडिंगच्या पट्ट्यात जनरेटरचा हिशेब येतो. डिझेलच्या एका लिटरमागे 2.68 किलो कार्बन. पूर्ण भाराजवळ एका लिटरात साडेतीन युनिटच्या आसपास वीज मिळते. पण 15 केव्हीएचा मोठा संच घेऊन त्यावर दोन-तीन किलोवॉटच चालवले तर दीड-दोनवर येते. ग्रिडच्या दुप्पट घाण, शिवाय सायलेन्सरमधून काळे तेल गळते ते वेगळेच.

यावर छतावर सौर संच हा उपाय सगळेच सुचवतात आणि तो बरोबरही आहे. दहा किलोवॉटला अंदाजे हजार चौरस फूट जागा लागते, वर्षाला 14,000 युनिटच्या आसपास वीज मिळते. अडचणी आधी सांगितल्या जात नाहीत, एवढेच. संच मंजूर भारापेक्षा, म्हणजे वीजजोडणीच्या मंजूर क्षमतेपेक्षा, मोठा बसवता येत नाही, म्हणून पाच किलोवॉट भाराच्या शाखेला असा संच बसवायचा तर भार वाढवावा लागतो. ग्रिड गेले की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, त्यामुळे जनरेटर सुटत नाही. त्यासाठी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. पाण्याच्या टाकीची, नाहीतर भाड्यासाठी उभारू दिलेल्या मोबाइल टॉवरची सावली एका पॅनेलवर पडली तरी ओळीतल्या बाकीच्यांचे उत्पादन घटू शकते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतले तर काचेवर पांढरे डाग बसतात. आणि भाड्याच्या जागेतल्या शाखेचे छत तिचे नसतेच. अशा शाखांसाठी महावितरणचा हरित वीजदर आहे, म्हणजे थोडे जादा पैसे देऊन अक्षय ऊर्जेची वीज घेण्याची सोय. वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली तेव्हा युनिटमागे 66 पैसे जादा होते.

इथवरचे सगळे शाखेच्या चार भिंतींतले झाले. खरा बोजा कर्जखात्यात आहे, कारण संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या वाहनांच्या धुरातही तिचा वाटा धरावा लागतो. उदाहरणार्थ आठ लाखांचा डिझेल पिकअप, 31 मार्चला कर्जबाकी सहा लाख. वर्षाला 30,000 किलोमीटर, लिटरला 12 किलोमीटर, म्हणजे 2,500 लिटर डिझेल आणि 6.7 टन कार्बन. कर्जबाकीच्या प्रमाणात (आठपैकी सहा लाख) संस्थेचा वाटा 75 टक्के, पाच टन. अशी तीन कर्जे शाखेच्या वर्षभराच्या विजेला भारी पडतात. सोनेतारणात पैसा कशाला वापरला हे कळत नाही, तेव्हा तिथे उगाच आकडा काढू नये. सोनेतारणाची बाकी वेगळी दाखवावी, बस्स.

कर्जाची बाजू सुधारायलाही वाव आहे. घरांच्या छतांवरील सौर संचांसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळते, पण संच सुरू झाल्यानंतर. मधल्या काळापुरते पूरक कर्ज हे पतसंस्थेचेच काम. मोठ्या बँकांच्या व्याजदराशी तिला स्पर्धा करता येणार नाही, इथे ती करावीच लागत नाही. ई-रिक्षाच्या कर्जात मात्र एक पथ्य पाळावे: बॅटरीची हमी संपण्याआधी शेवटचा हप्ता आला पाहिजे. नाहीतर थकबाकी आणि मृत बॅटरी एकाच महिन्यात पदरात पडतात.

हे पत्र आपल्यालाच का, तर दुसरे कोणी हे विचारणार नाही म्हणून. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची (पर्यावरणपूरक कामांसाठी घेतलेल्या ठेवींची) चौकट 1 जून 2023 पासून लागू झाली, त्यात नागरी सहकारी बँका नाहीत. हवामान-जोखीम जाहीर करण्याबाबतच्या फेब्रुवारी 2024 च्या मसुद्यात नागरी बँकांपैकी चौथ्या स्तरातल्या, म्हणजे 10,000 कोटींहून अधिक ठेवींच्या बँकाच घेतल्या. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत, त्या आपल्या खात्याकडे आहेत.

म्हणून मागणी अशी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 खालील लेखापरीक्षण अहवालाला एक पानाचे पत्रक जोडण्याचे परिपत्रक सहकार आयुक्तांमार्फत काढावे. त्यात विजेचे युनिट, डिझेलचे लिटर, एसीत भरलेल्या गॅसचे नाव व वजन, आणि वाहनकर्जांची इंधननिहाय बाकी, एवढेच रकाने असावेत. देखभालीच्या बिलावर गॅसचे वजन नसेल तर लेखापरीक्षकाने तसा शेरा मारावा. इमारत निधीतून सौर संच बसवता येईल का, हेही त्याच परिपत्रकात स्पष्ट करावे. या पत्रकाला ऑडिट वर्गाचे गुण मात्र कृपया देऊ नका. गुण ठेवले की ‘अ’ वर्गासाठी आकडे शिजतील, आणि पहिली दोन-तीन वर्षे आपल्याला आकडे कच्चे का होईना, पण खरे हवे आहेत. परिपत्रक 31 मार्चपूर्वी निघाले तर एप्रिलपासूनच्या नोंदी वेळेत सुरू होतील.

आपले नम्र,
सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण व ऊर्जा-तपासणी करणारे काही जण