विनोदी रिपीट कशाला बंद करायचे?

संपादक साहेब,

देशात काही वाईट घडलं की जुन्या विनोदी मालिकांचे रिपीट बंद करा अशी ओरड सुरू होते, मला काही हे पटत नाही. 2008 ला 26/11 च्या वेळी आम्ही घरात तीन दिवस नुसते न्यूज चॅनल लावून बसलेलो, ताजच्या घुमटाजवळचा तोच धूर शंभरदा बघितला आणि शेवटी आजीने रिमोट हिसकावला, म्हणाली जरा हसायचं काहीतरी लाव रे, पोरं जेवत नाहीयेत. खरा रिपीट तर त्या धुराचाच चालला होता ना! लाइव्ह कव्हरेजवरून तर सुप्रीम कोर्टानेही 2012 च्या कसाबच्या निकालात चॅनलवाल्यांना झापलंय. हां, एखाद्या भागात बॉम्ब नाहीतर ओलीस धरण्यावर जोक असेल तर तो ठेवा महिनाभर बाजूला, बाकीचे चालू द्या की.

– एक वाचक, डोंबिवली