सोय हवी तिथे कपात नको

महोदय,

सहामाही परीक्षा जवळ आली की कोल्हापुरातल्या शाळांमधून हमखास विचारणा होते, "या मुलाला प्रश्न कमी करून देऊ का?" हेतू चांगला असतो, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. अभ्यास तोच ठेवून वाचण्या-लिहिण्याची अडचण दूर करणे ही सोय. अभ्यासच कमी किंवा वेगळा करणे हा बदल. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बदलाची गरज पडू शकते. वर्ग दशांश अपूर्णांक शिकत असताना तो शंभराच्या नोटेतून सुटे पैसे मोजायला शिकेल. लेखन-अक्षमता असलेल्या मुलाला मात्र सोयच हवी. शाहू महाराजांनी 1902 मध्ये 50 टक्के जागा कोणासाठी राखल्या, हे तोंडी नेमके सांगणारी मुलगी कागदावर दीड ओळीत अडकते. तिचा धडा कापला, तर दहावीला पूर्ण अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका समोर आल्यावर तिने काय करायचे?

सोयींना फार खर्च नाही. गणिताला चौकटीची वही द्यावी, एका चौकटीत एकच अंक. हातच्याच्या बऱ्याच चुका रांग सरकल्याने होतात. फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावण्याऐवजी छापील कागद द्यावा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी ए-4 पान झेरॉक्सवर 141 टक्क्यांपर्यंत मोठे करून ए-3 वर काढतात, पण मूळ छपाई पुसट असेल तर अनुस्वार आणि रफार भरून जातात. त्यापेक्षा मजकूरच 18 पॉइंटात, ओळींत जास्त अंतर ठेवून टाइप करावा. ए-3 कागद बाकावर मावतही नाही.

सर्वांत जास्त घोळ लेखनिकाचा, म्हणजे मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्याचा, होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक या दोन्हींचा उल्लेख आहे. केंद्राच्या 2018 च्या सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटे जादा, म्हणजे दोन तासांच्या पेपरला 40. पण उत्तर सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. "नवा परिच्छेद", "इथे रेघ मार", "वरची ओळ वाचून दाखव" हे मुलाला सुचावे लागते, आणि लेखनिकाने स्वतःहून शब्द घालायचा नसतो. जोडी परीक्षेच्या दिवशीच भेटली तर जादा वेळ एकमेकांना समजण्यातच जातो. म्हणून आठवीच्या घटक चाचण्यांपासून सराव हवा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे कामही तेव्हाच सुरू करावे. वर्गातल्या सोयींसाठी मात्र त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

बदल करायचाच असेल तर पालकांशी बोलून, कोणत्या विषयात आणि किती, हे लेखी ठेवावे.

आणखी एक विनंती. कोणती सोय दिली, किती दिवस दिली, कशाचा उपयोग झाला नाही, हे एका पानावर लिहून मुलाच्या फाइलला जोडावे. नाहीतर जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात आणि चौकटीची वही पुन्हा नोव्हेंबरमध्ये सापडते.

— विशेष शिक्षक, कोल्हापूर