बाबांच्या रॉकेटबद्दल

हंट्सव्हिल, अलाबामा
ऑक्टोबरअखेर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणखाण, झोप सगळं वेळेवर. आई, तू टीव्हीवर पाहिलेलं वादळ इथून खूप लांब होतं. भोंगा वाजला की आम्ही तळमजल्यावरच्या बिनखिडक्यांच्या खोलीत जातो, त्यामुळे जीव टांगणीला लावून बसू नकोस. आणि काकांना सांग, मी बाँबबिंब बनवत नाही. माझं काम हवामानाच्या आकडेवारीचं, तेवढंच.

इथली एक गोष्ट मात्र अजून माझ्या पचनी पडत नाही. नवा माणूस भेटला की नाव विचारून झाल्यावर लगेच प्रश्न येतो, ‘अलाबामा की ऑबर्न?’ ही राज्यातली दोन विद्यापीठं, आणि प्रश्न त्यांच्या फुटबॉल संघांचा. हा फुटबॉल आपला नव्हे. लांबुळका चेंडू कवटाळून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. तिथे शिकलेले असोत-नसोत, अख्खं घराणं एका बाजूचं असतं. एक बाजू ‘रोल टाइड’ म्हणते, दुसरी ‘वॉर ईगल’. तेही दुकानात, लिफ्टमध्ये, रामराम केल्यासारखं. ‘मी कुणाचाच नाही’ म्हटलं तर चालत नाही, विचार करून सांग म्हणतात. शेजारच्या बाईंनी मुलीच्या लग्नाची तारीख धरताना आधी सामन्यांचं वेळापत्रक काढलं, आपण पंचांग काढतो तसं.

बाबा, तुमच्या आग्रहामुळे रॉकेट सेंटरला जाऊन आलो. माणसांना चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न फाइव्ह जातीचं खरं रॉकेट एका मोठ्या दालनात आडवं ठेवलंय, लांबी ३६३ फूट. शेपटीला एफ-१ ची पाच इंजिनं, एकेकाचं तोंड साधारण बारा फूट रुंद. आत वाकून पाहिलं तर नॉझलची, म्हणजे त्या तोंडाची, भिंत अखंड पत्र्याची नाही, एकमेकींना जोडलेल्या बारीक नळ्यांची आहे. केरोसीन जळण्याआधी त्या नळ्यांतून फिरवायचे, म्हणजे भिंत वितळत नाही. पाचही इंजिनं मिळून सेकंदाला सुमारे १३ टन केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन संपवायची. अडीच मिनिटांत पहिला टप्पा रिकामा! सुरुवातीला आतली ज्वाला थरथरायला लागून इंजिनं फुटायची. मग त्या लोकांनी चालू इंजिनाच्या पोटातच छोटे स्फोट घडवले आणि ज्वालेची थरथर आपोआप शांत होईपर्यंत इंधन फवारणारी तबकडी बदलत राहिले. पुढे १३ उड्डाणांत यातल्या एकाही इंजिनाने दगा दिला नाही. तुम्ही फळ्यावर काढायचात ते समोर पाहून भरून आलं.

पण वर्गात तुम्ही ज्याचं नाव आदराने घ्यायचात, त्या फॉन ब्राउनबद्दलही लिहायला हवं. इंजिन रॉकेटडाइन कंपनीने बांधलं, पण अख्खं रॉकेट उभं राहिलं ते त्याच्या नेतृत्वाखाली. १९५० मध्ये तो या गावात आला. इथल्या मोठ्या सभागृहाला आजही त्याचंच नाव आहे. त्याआधी जर्मनीत त्याने व्ही-२ क्षेपणास्त्र तयार केलं होतं, १९४४ मध्ये लंडनवर पडलेलं. नाझी पक्षात होता, एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेत अधिकारी होता. व्ही-२ बनायचं नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगराखालच्या बोगद्यांत, आणि बनवायचे डोरा छळछावणीचे कैदी. सुरुवातीचे कित्येक महिने ते झोपायचेही बोगद्यातच, ऊन दिसायचं नाही. नासधूस केल्याच्या संशयावरून माणसं तिथल्याच क्रेनला लटकवली. सुमारे ६०,००० कैद्यांपैकी २०,००० च्या आसपास मेले. व्ही-२ पडून मेले त्याहून जास्त माणसं त्या छावणीत गेली, बाबा.

फॉन ब्राउन त्या बोगद्यांत जाऊन आला होता. कुशल कैदी निवडायला आपण बुखनवाल्डच्या छळछावणीत गेलो होतो, असं ऑगस्ट १९४४ च्या पत्रात त्याने स्वतः लिहिलंय. त्याची बाजू घेणारे म्हणतात, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यालाही पकडलं होतं, बोलला असता तर जिवानिशी गेला असता. पकडलं होतं हे खरं आहे. तरी ते पत्र माझ्या डोक्यातून जात नाही. बोगद्यातलं उत्पादन सांभाळणारा आर्थर रुडॉल्फ तर पुढे सॅटर्न फाइव्हचाच प्रकल्पप्रमुख झाला. चौकशी लागल्यावर १९८४ मध्ये त्याला अमेरिका सोडावी लागली, नागरिकत्वही.

तुम्ही अजून गल्लीतल्या पोरांना गच्चीवर चंद्र दाखवता. जरूर दाखवा, इंजिनंही सांगा. पण मोठ्या पोरांना डोराही सांगाल ना? तुमच्या तोंडून ऐकलं तर ती विसरणार नाहीत.

आता घरचं. मनूच्या साखरपुड्याला येता येणार नाही. व्हिसाचा शिक्का नवा करायचाय. बाहेर पडलो आणि अडकलो तर नोकरीच जाईल. तिला मी फोनवर सांगितलंय, हसून ‘चालेल’ म्हणाली. नंतर रडली असेल तर मला कळवू नका. वैशाखात लग्नाला नक्की येतो. सव्वा लाख पाठवलेत. हॉलचे पैसे त्यातून भरा, एफडी मोडू नका. आई, गुडघ्याचं ऑपरेशन लग्नानंतर म्हणून पुढे ढकलू नकोस, त्याचे वेगळे पाठवतो. कोल्हापूरच्या स्थळाला एवढ्यात काही कळवू नका. फोटो चांगला आहे, पण मी कुठे राहणार हे मलाच ठरवता येत नाही, तिला काय सांगू?

तुमचा,
सुहास

ता. क. बाबा, हॉलवाल्याकडून पावती घ्या आणि तिचा फोटो पाठवा.